आटलेल्या गाई आणि राखलेलं गवत



कुरणाची पाळी ठरवण्याचं काम आता तुझ्याकडे आलंय, म्हणून हे लिहितो. आपल्याकडे दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळतं, कापून गंजी रचली की विषय मिटतो. न्यूझीलंडमधल्या वायकाटोतलं रायगवत मात्र जून-जुलैच्या थंडीतही हिरवंगार दिसतं आणि फसगत तिथेच होते. थंडीत हेक्टरी रोज 15 किलो कोरडा चारा वाढला तरी पुष्कळ. हेक्टरी 3 आटलेल्या गाई धरल्या तर त्यांनाच 24 किलो लागतो. म्हणजे तूट ठरलेली. ती कधी सोसायची, एवढंच तुझ्या हातात आहे, आणि माझं म्हणणं असं की ती आत्ताच, गाई आटलेल्या असताना सोसावी.

मांडून बघ. 100 हेक्टर, 300 गाई. हेक्टरी 2800 किलो उभं गवत 1500 पर्यंत चारलं तर 1300 किलो हाती येतं. रोज 2 हेक्टर दिलेस तर गाईला साडेआठ किलोच्या वर मिळतं, सगळे खूश. पण 50 दिवसांनी पहिल्या कप्प्यात परत येशील तेव्हा तिथे जेमतेम 750 किलो नवं गवत असेल, म्हणजे गाईमागे 5 किलो. आणि तेव्हा ती व्यालेली असेल, तिची भूक दुपटीच्या घरात गेलेली असेल. रोज 1 हेक्टर दिलास तर पाळी 100 दिवसांची होते आणि अर्धं कुरण विण्याच्या हंगामासाठी शिल्लक राहतं. कॅलेंडरपेक्षा गवताला विचारावं. रायगवताच्या फुटव्यावर एका वेळी तीनच पानं जगतात. चौथं आलं की पहिलं पिवळं पडतं. पहिलं पान बुडख्यातल्या साखरेवर येतं, खरी भर पडते ती तिसऱ्या पानाला. ऐन थंडीत एकेका पानाला महिना लागू शकतो. दीड पानावर चारणं म्हणजे पोटरीतली ज्वारी कापण्यासारखं आहे.

गाई कुंपणाशी हंबरतील, दया येईल. त्यांना उपाशी ठेव असं मी म्हणत नाही. गाभण जनावराची हेळसांड परवडत नाही. कमी पडेल ते मुरघासातून दे, कुरण मोठं करून नको. कोणी म्हणेल, युरिया टाक. पण माती 6 अंशांच्या खाली गेली की मुळं सुस्तावतात आणि पावसात नत्र वाहून जातं. शिवाय 2021 पासून तिथे कुरणावर वर्षाला हेक्टरी 190 किलो रासायनिक नत्राची मर्यादा आहे, ती थंडीत का संपवायची? गवत फार वाढून बुडाशी कुजेल, हा आक्षेप मात्र खरा आहे, तो मी मोडीत काढणार नाही. म्हणूनच गुडघे टेकून पानं मोजायची. चौथं दिसू लागलं तर तो कप्पा आधी चार, क्रम मोडला तरी चालेल.

राहिला चिखल. तीन पानांचा सगळा हिशोब एका ओल्या रात्रीत खुरांखाली जातो. वाफसा नसेल त्या दिवशी गाई सकाळी तीन-चार तास चारून फरशीवर काढ. भुकेली गाय तेवढ्या वेळात बरंच पोट भरते. उरलेला वेळ ती रवंथच करते, आणि ते कुठेही होतं.

तुझा मामा