निरीक्षणात्मक माहितीपट : ‘टर्मिनस’चा अभ्यास

माहितीपट हे जनसंवादाचे प्रभावी माध्यम आहे. मात्र पडद्यावर दिसणारे वास्तव कितपत खरे असते, हा प्रश्न या माध्यमासंदर्भात सातत्याने विचारला जातो. जॉन श्लेसिंगर दिग्दर्शित ‘टर्मिनस’ (१९६१) हा माहितीपट त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

पार्श्वभूमी : ब्रिटनमधील रेल्वेचे १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. सार्वजनिक वाहतुकीविषयी चित्रपट तयार करण्यासाठी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्स’ हा विभाग सुरू झाला. एडगर ॲन्स्टी त्याचे प्रमुख होते आणि ‘टर्मिनस’चे निर्मातेही तेच होते.

स्वरूप : लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरील एक दिवस सुमारे ३३ मिनिटांत येथे उलगडतो. निवेदकाचा आवाज नाही. उद्‌घोषणा, गर्दीचा गलबला व संगीत यांतूनच अर्थ व्यक्त होतो. कामावर धावणारे नोकरदार, रेल्वे कर्मचारी आणि कॅरिबियन बेटांवरून आलेले स्थलांतरित या चित्रणात दिसतात. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ब्रिटनने राष्ट्रकुलातील स्थलांतरावर कायद्याने निर्बंध घातले. त्यामुळे या दृश्यांना ऐतिहासिक मूल्यही प्राप्त झाले आहे.

सत्याचा प्रश्न : आईपासून दुरावलेला, रडणारा लहान मुलगा हा माहितीपटातील सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग होय. परंतु तो योजनापूर्वक घडवून आणलेला होता. आईने मुलाला मुद्दाम एकटे सोडले होते. मुलाचे रडणे खरे, पण त्याचे कारण रचलेले! निरीक्षण आणि रचना यांतील सीमारेषा येथे पुसट होते. आईची संमती असली, तरी त्या बालकाच्या संमतीचे काय, हा नैतिक प्रश्न उरतोच.

भारतीय संदर्भ : भारतात १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिच्या अनेक माहितीपटांत निवेदनाला प्रमुख स्थान असे. एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’मध्ये मात्र निवेदनाशिवाय देशाचे दर्शन घडविले.

निष्कर्ष : निवेदन नसले म्हणजे माहितीपट तटस्थ असतो, असे नाही. कॅमेऱ्याची जागा, दृश्यांची निवड आणि संकलन यांतून दिग्दर्शकाचे मत व्यक्त होतच असते. म्हणून माहितीपटाचे मूल्यमापन करताना काय दाखविले यासोबतच ते कसे मिळविले, हेही विद्यार्थ्यांनी तपासले पाहिजे.