मोठी ऑर्डर की पुढच्या वर्षीचा बांबू? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या उद्योजकांसाठी एक धडा



"शाश्वत विकास वगैरे मोठ्या लोकांच्या गोष्टी, आपल्याला टोपल्या विकायच्या आहेत." असं तुम्हालाही वाटतं का? मग आजचा धडा तुमच्यासाठीच आहे.

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये जगासाठी १७ उद्दिष्टं ठरवली. मुदत २०३० ची. त्यातली तीन आपल्या धंद्याला थेट लागतात: सन्मानाचं काम (क्रमांक ८), जबाबदार उत्पादन (१२) आणि जमिनीवरची जीवसृष्टी राखणं (१५). आपल्या भागात विकास म्हटलं की कोळसा, सिमेंट, लोखंड आठवतं. पण छोट्या उद्योजकाचं भांडवल जंगलात आहे. आणि ते राखण्याचे नियम इथल्या गावांनी २०१५ च्या आधीच केलेत.

गाव पहिलं: मेंढा (लेखा)

धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं गाव. पूर्वी इथला बांबू लीजवर कागद कारखान्याला जायचा. गावाने त्याला विरोध केला, अभ्यासगट बसवले, सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि तो गावाच्या हातात नव्हता. २७ एप्रिल २०११ ला परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा कुठे हक्काचा बाजार झाला.

*धडा:* माल आपला असून चालत नाही, विकायचा कागदही आपला लागतो.

गाव दुसरं: पाचगाव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं गाव. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पण तेंदूपानाचा हंगाम गावाने बंद केला! का? पानासाठी फांद्या छाटतात, जंगलाला आगी लावतात. छाटलेल्या झाडाला टेंभरं धरत नाहीत, म्हणजे माणसांचं आणि पाखरांचं खाणं जातं.

*धडा:* एका मालाचा नफा दुसऱ्या मालाचं मूळ जाळत असेल, तर तो नफा नव्हे.

आता तुमच्या धंद्याचं गणित

समजा, ग्रामसभा तुम्हाला वर्षाला २,००० बांबू देऊ शकते. एका बांबूच्या दोन टोपल्या होतात, टोपली ६० रुपयांना जाते. म्हणजे एका बांबूमागे १२० रुपये, वर्षाची विक्री २ लाख ४० हजार.

आणि नागपूरचा व्यापारी म्हणतो, "६,००० टोपल्या द्या." त्याला ३,००० बांबू लागतील. वरचे १,००० कुठून आणणार? मोह होतो तो कोवळ्या काठ्या तोडायचा. पण रांजीतली या वर्षीची कोवळी काठी म्हणजे पुढची पक्की काठी, आणि तिच्याच जोरावर नवे वास्ते फुटतात. आज ऑर्डर पूर्ण होईल, तीन वर्षांनी कच्चा माल संपेल. सोबत कारागिरांचं कामही.

दुसरा रस्ता बघा. त्यातले ५०० बांबू दिव्याच्या शेडला वापरा. एका बांबूचे दोन शेड, प्रत्येकी २५० रुपये. या ५०० बांबूंचे अडीच लाख, उरलेल्या १,५०० च्या टोपल्यांचे १ लाख ८० हजार. एकूण ४ लाख ३० हजार, आणि जंगलातून एकही काठी जास्त नाही! मजुरी, वेळ, वाहतूक वाढेल, ती यातून वजा करा. आकडे उदाहरणाचे आहेत, पद्धत मात्र पक्की: विक्री वाढवायची ती प्रत्येक बांबूमागे.

पाच नियम, वहीत लिहून ठेवा

१. ऑर्डर घेण्याआधी ग्रामसभेला विचारा: यंदा किती माल मिळेल? त्याच्या वर शब्द देऊ नका.

२. माल ग्रामसभेकडूनच, वाहतूक परवान्यासह घ्या. परवान्याची प्रत फाईलला लावा. उद्या शहरातला ग्राहक "माल कुठला?" विचारेल, तेव्हा हाच तुमचा पुरावा.

३. पक्कीच काठी घ्या. कोवळी काठी स्वस्त मिळाली तरी नको. तिला भुंगा लवकर लागतो.

४. बांबूवर बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया करा. वस्तू जास्त टिकली की उद्दिष्ट १२ आपोआप पाळलं जातं आणि तक्रारीही घटतात.

५. कारागिराची मजुरी आधी ठरवा, विक्रीची किंमत नंतर. उलटं केलं की कापला जातो तो कारागीरच.

प्रशिक्षण हवं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

पॅकेटवर हिरवं पान छापणं सोपं असतं. तुमच्या गावचं जंगल दहा वर्षांनी तेवढाच माल देईल का, याचं उत्तर "हो" असेल, तरच ते पान खरं.

होमवर्क: आज रात्री तीन आकडे लिहा. एका बांबूमागे (किंवा एक किलो मोहफुलामागे) तुमची विक्री किती, त्यातली कारागिराची मजुरी किती, आणि जंगल यंदा किती माल देऊ शकतं. तिसरा आकडा माहीत नसेल, तर उद्या सकाळी पहिलं काम ग्रामसभेत जाणं.

भेटूया पुढच्या धड्यात. तोवर धंदा वाढवा, रांजी राखा!