काटा शून्यावर, बाग तहानलेली

मातीतली ओल दाखवणाऱ्या टेन्शिओमीटरचा काटा शून्यावर आला की त्याचे दोन अर्थ निघतात. मुळांजवळची माती पाण्याने तुडुंब भरलेली असते, नाहीतर ती इतकी सुकलेली असते की यंत्रच निकामी झालेलं असतं. दोन्ही वेळा काटा दिसतो सारखाच, म्हणून हे प्रत्येक ठिबकवाल्या शेतकऱ्याला ठाऊक हवं.

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत हे घडलं ते खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाळ्यात. सूक्ष्म घडनिर्मितीसाठी पाणी कमी केलं होतं. काटा रोज थोडा वर चढत होता आणि मग एकाएकी शून्यावर आला. यंत्र बसवून देणाऱ्याने सांगितलं होतं, "शून्य म्हणजे ओल भरपूर." पण वेलींचे शेंडे थांबले होते, बाळ्या सुकत होत्या. वडील म्हणाले, "काट्याचं राहू दे, आधी खड्डा घे." ड्रीपरखाली वीतभर उकरलं. माती मुठीत दाबली तर गोळा होईना, भुगा होऊन बोटांतून गळाली. टेन्शिओमीटरच्या नळीतलं पाणी अर्ध्यावर उतरलेलं होतं. त्याच दिवशी पाणी सुरू केलं, म्हणून बाग सावरली. आणखी ताण बसला असता, तर त्याचा फटका पुढच्या हंगामातल्या घडांना बसला असता.

नळीच्या तळाशी सच्छिद्र कप असतो. माती सुकते तशी ती त्यातून पाणी ओढते आणि काटा चढतो. साधारण 80 सेंटीबारच्या पुढे ताण गेला की आत हवा शिरते आणि काटा कोसळतो. आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडल्या की कपाची मातीवरची पकडही सुटते.

म्हणून काही गोष्टी नेमाने करा.

नळीतली पाण्याची पातळी पाहत चला. पातळी उतरली किंवा बुडबुडे दिसले, तर उकळून गार केलेलं पाणी भरा आणि हातपंपाने हवा काढा.

बसवण्यापूर्वी भरलेलं यंत्र वाऱ्यावर टांगा, काटा चढला पाहिजे. मग कप बादलीत बुडवा, काटा उतरला पाहिजे. तसं न झाल्यास यंत्र दुरुस्तीला द्या. बसवताना त्याच रानातल्या मातीचा चिखल कपाभोवती घाला.

वॉटर मीटरशी ताळा जमवा. ताशी 4 लिटरचे 1000 ड्रीपर असतील, तर तासाला 4000 लिटर पाणी जायला हवं. मीटर कमी दाखवत असेल तर फिल्टर किंवा ड्रीपर चोंदले असण्याची शक्यता असते, जास्त दाखवत असेल तर कुठेतरी नळी फुटलेली असू शकते. मीटरचाच संशय आला तर ड्रीपरखाली भांडं धरा. मिनिटाला सुमारे 67 मिली पाणी पडलं पाहिजे.

फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब रोज वाचा. फरक वाढू लागला की बॅकवॉश करा. पंप बंद असताना दोन्ही गेज शून्यावर येत नसतील, तर ते बदला.

मोबाईलवर व्हॉल्व्ह 'चालू' दिसला, तरी बऱ्याच यंत्रणांत त्याचा अर्थ आदेश गेला एवढाच असतो. पाणी पोचलं की नाही, हे शेवटच्या लॅटरलच्या टोकाला जाऊन पाहा.

यंत्रं जरूर वापरा, त्यांनी पाणी वाचतं. पण पाणी तोडण्याचा निर्णय एकाच काट्यावर घेऊ नका. दुसरी खूण जुळली नाही, तर आधी खोरं घ्या आणि माती बघा.