युनिक्सवर कामाची मांडणी : मॉड्यूल कोठे व कसे बसवावेत?

बिल, उधारी आणि शिल्लक माल यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम घरातल्याच मुलाकडून किंवा ओळखीच्या तरुणाकडून करून घेणारे व्यापारी बंधू आता कमी नाहीत. प्रोग्राम दोन वर्षे बिनतक्रार चालतो आणि ऐन सणाच्या हंगामात एके दिवशी उघडतच नाही. प्रोग्राम तोच, संगणक तोच. मग बिघडले काय? बहुधा खालची मांडणी. ती कशी असते हे मालकालाही ठाऊक असावे, कारण अडकलेली उधारी त्याची असते, प्रोग्राम लिहिणाऱ्याची नव्हे.

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून सुरू झाली. तिच्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स आणले. त्याचे डेबियन हे रूप फुकट मिळते. आपण उदाहरण त्याचेच घेऊ, भाषा पायथन. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, पडद्यावर त्या रोमन लहान अक्षरांत टंकाव्यात.

प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' देऊन भांडाराची यादी ताजी करावी. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' यापुढे बिल्ड-इसेन्शिअल, पायथन३-डेव्ह आणि पायथन३-व्हेन्व ही तीन नावे द्यावीत. पहिल्या दोहोंची गरज अशी की काही मॉड्यूलचा भाग सी भाषेत असतो व तो कधीकधी आपल्याच संगणकावर घडवावा लागतो. मॉड्यूल म्हणजे तयार सुटा भाग. कुलूप बनवणारा कारागीर स्प्रिंग स्वतः ओढत बसत नाही, बाजारातून आणतो, तसेच हे.

आता मुख्य गोष्ट. डेबियनची स्वतःची काही अवजारेही संगणकातल्या मूळ पायथनवरच चालतात. त्यात आपले मॉड्यूल घुसवले की एकाची आवृत्ती दुसऱ्याला बाधते. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप हे बसवणारे अवजार तेथे सरळ नकार देते. नकार डावलण्याचा एक पर्याय आहे. त्याच्या नावाचाच अर्थ 'प्रणालीतील पॅकेज मोडा' असा होतो. नाव ठेवणारा प्रामाणिक होता म्हणायचे! तो वापरू नये.

त्याऐवजी दुकानाच्या कामासाठी वेगळा कप्पा करावा. कामाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन३ -एम व्हेन्व कप्पा' आणि मग 'सोर्स कप्पा/बिन/ॲक्टिव्हेट' द्यावे. एक्सेलची फाईल वाचणारे मॉड्यूल हवे असेल तर आता 'पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल'. येथे सुडो लावायचे नाही. त्याला लागणारे ईटी-एक्सएमएलफाईल हे दुसरे मॉड्यूल पिप आपणहून आणते.

नाव टंकताना मात्र अक्षर न् अक्षर पाहावे. पायथनच्या सार्वजनिक भांडारात कोणीही माल ठेवू शकतो. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाला तेथे खऱ्या नावांशी मिळतीजुळती नावे घेतलेली बनावट पॅकेजेस सापडली. 'युआरएललिब३' च्या जागी नुसते 'युआरएललिब', असा प्रकार. नकली शिक्क्याचा माल ओळखणाऱ्यांना अधिक सांगायला नको.

काम नीट चालू लागले की 'पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' द्यावे. बसवलेल्या प्रत्येक मॉड्यूलचे नाव व नेमकी आवृत्ती त्या फाईलीत उतरते. डेबियन ११ मध्ये पायथन ३.९ होते, १२ मध्ये ३.११ आले, अशी बढती झाली की जुना कप्पा निकामी होतो. तो दुसऱ्या संगणकावर उचलून नेऊनही भागत नाही, कारण आतल्या फाईलींत जुन्या जागेचे पत्ते लिहिलेले असतात. कप्पा पुसावा, नवा करावा आणि 'पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' द्यावे. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते. क्वचित एखादे जुने मॉड्यूल नव्या पायथनवर बसत नाही, तेव्हा त्याची पुढची आवृत्ती घ्यावी लागते. हिशेबाच्या फाईली कप्प्याच्या बाहेर ठेवाव्यात, म्हणजे कप्पा पुसताना हात कापणार नाही.

प्रोग्राम करून घेताना शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ही यादी व प्रोग्राम पेनड्राइव्हवर मागून घ्यावेत, आणि दुसऱ्या संगणकावर नवा कप्पा करून एक बिल छापून पाहावे.