पाणी कुठं मुरतंय?

सासऱ्यांनी हौसेनं बांधलेलं तळं गळतंय, म्हणून जावईबापू ते फोडून नवं बांधणार आहेत आणि गवंडीही ठरलाय, असं तू फोनवर म्हणालीस. त्या गवंड्याला आठवडाभर थांबव. धबधबा असलेल्या तळ्यात चोर बहुतेक वेळा तळ्यात नसतोच, वरच्या दगडांत असतो. आणि फोडलं जातं ते बिचारं तळं.

आधी एक बादली घे. तळ्याचंच पाणी तिच्यात भर आणि ती तळ्यातल्या पायरीवर ठेव, म्हणजे ऊन-वारा दोघांना सारखाच लागेल. बादलीत आणि तळ्याच्या भिंतीवर पातळीची खूण कर, पंप चालू ठेव, दोन दिवसांनी पट्टी लावून बघ. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत नुसत्या उन्हानं दिवसाला 8 ते 10 मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे आठवड्याला अडीच इंच. माणसं याला गळती म्हणतात आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचं घर भरतात. बादली आणि तळं सारखंच उतरलं, तर तळ्याला काही झालेलं नाही. तळं जास्त उतरलं, तर पंप बंद करून पुन्हा तेच कर. आता दोन्ही सारखं उतरलं, तर गळती धबधब्यात. तरीही तळंच जास्त उतरत राहिलं, तर मासे टबात काढ आणि पाणी आपसूक कुठं थांबतं ते बघ. चीर त्याच रेषेत असते, खाली नाही. तेवढाच पट्टा खरवडायचा.

एक चोर मात्र बादलीला वेगळा ओळखता येत नाही. लॉन तळ्याच्या काठावरून आत वाकलं असेल, किंवा काठाच्या दगडांमधली माती पाण्याला टेकली असेल, तर ती माती वातीसारखी पाणी ओढत राहते. काठालगत सगळं कोरडं ठणठणीत असताना एकाच जागी हिरवळ जोमात दिसली, की समजावं. काठ जमिनीपेक्षा तीन-चार इंच उंच ठेवला, की हे थांबतं आणि पावसात बागेतलं खत-मातीचं पाणीही आत येत नाही.

आता खरंच तळंच फुटलेलं निघालं, तर भिंत का फुटली ते विचार. तुमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर विटांचं तळं बांधलं की दर वर्षी तीच चीर उघडते, वरून कितीही महागडा लेप दिला तरी. लेप हा उपाय नव्हेच. तळाची काळी माती काढून मुरूम भरायचा, थराथरानं पाणी मारून धुम्मस करायचा आणि मगच आरसीसी, नाहीतर कोंबडी जाळी घालून फेरोसिमेंट. एवढा खर्च नको असेल, तर मी तरी सरळ शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद घालीन. नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी एवढी शेततळी त्याच कागदावर उभी केली आहेत, तुझ्या तळ्याला काय धाड भरलीय! माती थोडी सरकली तरी कागद तुटत नाही. माप सोपं आहे: लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची, वर काठासाठी दोन फूट. तुमचं तळं 10 फूट बाय 6, खोली अडीच फूट. म्हणजे 17 बाय 13 फुटांचा कागद. खाली जुनं जाजम अंथर, खडे टोचायला नकोत. काठाचा भाग दगडांनी पूर्ण झाक, उघडा राहिला तर उन्हानं तडकतो.

सिमेंटचंच केलं, तर मासे सोडायची घाई नको. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि मासे मरतात. केळीचे खुंट चिरून पाण्यात आठवडाभर कुजवायची जुनी रीत आहे, तीही कर. पण दोन-तीन वेळा तळं पूर्ण भरून, काही दिवस ठेवून रिकामं करणं, याला पर्याय नाही.

धबधब्याकडे येते, कारण तिथंच लोक सर्वांत जास्त फसतात. सपाट हिरवळीच्या मधोमध दगडांचा ढीग रचायचा आणि त्याच्या शेंड्यातून पाणी काढायचं, हा प्रकार हॉटेलांच्या लॉनवर शोभतो, तिथंच राहू दे. सह्याद्रीतला ओढा बघ. आपला काळा दगड लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, म्हणून पाणी पायरी-पायरीनं उतरतं: एक उडी, मग सपाटी, डोह, पुन्हा उडी. तुलाही एक उंच धार नको, सहा ते नऊ इंचांच्या दोन-तीन पायऱ्या पुरेत. प्रत्येक पायरी मागच्या बाजूनं खोलगट ठेव, म्हणजे पंप बंद झाला तरी थोडं पाणी तिथं थांबेल. नाहीतर वीज गेली की वरचं सगळं पाणी खाली येऊन तळं काठावरून वाहतं आणि वीज आली की तेवढं पुन्हा भरावं लागतं. संगमरवराचे तुकडे आणि चुनखडी घेऊ नकोस, पाणी बिघडतं. जांभा कोकणातल्या माणसांनी वापरावा. सच्छिद्र दगड तो, खाली कागद नसेल तर त्यातून पाणी झिरपतं.

सगळा खेळ ओठाच्या दगडाचा. ज्या दगडावरून पाणी उडी मारतं तो जरासा पुढं झुकलेला आणि दोन इंच तरी बाहेर आलेला हवा. त्याच्या खालच्या अंगाला, सज्जाखाली गवंडी पाडतो तशी एक बारीक खाच पाडून घे. ती नसली की पाण्याची बारीक धार दगडाच्या पोटाला चिकटून मागं वळते आणि थेट मातीत जाते. तुमच्याकडचं पाणी तिथंच मुरत असावं, असा माझा कयास आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा आदिलशाहीतला बंधारा आहे, आत पाणी महाल आणि वरून नर-मादी नावाचे दोन धबधबे. पावसाळ्यात जाऊन त्याच्या आत उभी राहा आणि पाणी भिंत सोडून किती पुढं पडतं ते बघ. माझं सांगणं पाच मिनिटांत कळेल. ओठामागच्या फटी मात्र सिमेंटनं बुजव, फोमनं बुजव, काहीही कर, पण पाण्याला दगडांखालून वाट ठेवू नकोस.

पंपाचा हिशेब जावईबापूंना दे. 10 गुणिले 6 गुणिले अडीच, 150 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर धरले तर सव्वाचार हजार लिटर. एवढं पाणी तासा-दोन तासांत एकदा फिरलं पाहिजे. पाण्याच्या फूटभर रुंद भरीव पडद्याला तासाला साधारण साडेचार हजार लिटर लागतात, म्हणजे धबधबा फूटभरच ठेवा. चार फूट हवा म्हणाल तर अठरा हजार! खोक्यावर छापलेला आकडा उंची शून्य असतानाचा असतो, जितकं वर चढवाल तितकं पाणी कमी, म्हणून हेडचा तक्ता बघूनच पंप घ्या. पंप तळाशी गाळात नको, फूटभर वर बसवा. पाइप कधी निसटला तर तेवढं पाणी तरी माशांना उरेल. वायरीला पाण्यात जोड अजिबात नको, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

रात्री पंप बंद करून वीज वाचवू नका. दिवसा वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री त्याच तो ओढून घेतात. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात ते म्हणूनच. बंदच करायचा तर दुपारी तासभर करा, तोही उन्हाळ्यात नको, कारण कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो.

काम काढायचं ते दिवाळीनंतर, माशांची चाल मंदावलेली असते. मे महिन्यात नाही आणि पावसाळ्यात तर नाहीच. जमिनीत पाणी चढलं की रिकामा कागद फुग्यासारखा वर येतो. मासे जुन्या तळ्याच्याच पाण्यात काढ, वर जाळी घाल, उड्या मारतात. फिल्टरमधले खडे नळाखाली धुवायचे नाहीत, क्लोरीननं त्यावरचे चांगले जिवाणू मरतात. तळ्याच्याच पाण्यात हलकेच विसळायचे. गाळ फेकू नकोस, आंब्याला घाल.

झाडांचं म्हणशील तर वरच्या कुंडात वाळा, कर्दळ, वेखंड लाव, पाण्यातलं खत तीच शोषतात. कुमुदाला अंगावर शिंतोडे सोसत नाहीत, त्याची कुंडी धबधब्यापासून लांब, उन्हात. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. पहिले दोन महिने पाणी हिरवं होईल, होऊ दे. घाबरून मोरचूद टाकलंस तर मासे जातील. पानांनी अर्धं तळं झाकलं की ते आपोआप निवळतं.

धबधबा आहे म्हणून डास होणार नाहीत, असं समजू नकोस. पाणी हलतं ते मध्ये, कोपरे स्थिरच असतात. गप्पी मासे सोड. दुकानात जाऊ नकोस, महापालिकेच्या मलेरिया विभागात नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात विचार, बहुतेक ठिकाणी फुकट देतात. फक्त ते पुढं ओढ्या-नाल्यात सोडायचे नाहीत, एवढं मुलांना बजावून ठेव.