रंगाआधी ओल काढा

पावसानंतर घराघरांत जाताना आम्हाला नव्या रंगाखाली जुनी बुरशी दिसते, आणि शेजारी खोकणारे लेकरू.

पाणी शिरल्यावर 24 ते 48 तासांत वस्तू वाळल्या नाहीत तर बुरशी धरते. तिने दमा वाढतो.

आधी कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करा. पत्र्याची गळती बुजवा. फुगलेले प्लायवूड, भिजलेली गादी काढून टाका. पक्क्या भिंतीवरची बुरशी मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासा. कोरडी झाडू नका. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र करू नका, विषारी वायू होतो. भिंत पूर्ण वाळली की मगच रंग.

श्वास घेताना लेकराची छाती आत ओढली जात असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.