वळवाआधी घराची तयारी

प्रश्न : आम्ही धारवाडला जुन्या कौलारू घरात राहतो. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जाते, कधी रात्रभर येत नाही. गेल्या वर्षी विजेच्या कडकडाटात टीव्हीही जळाला. काय करावे?
– एक वाचक, धारवाड

उत्तर : ताई, बोर्डातल्या एमसीबीने, म्हणजे आपोआप बंद होणाऱ्या स्विचने, टीव्ही वाचत नाही. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट रोखते. विजेचा क्षणिक झटका तिला अडवता येत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवावा लागतो आणि त्याला अर्थिंग चांगले हवे. मातीतला ओलावा आटला की अर्थिंग कमजोर होते, म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घाला. तरीही आभाळ गडगडू लागताच टीव्हीचा प्लग आणि केबल दोन्ही काढाच. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

इन्व्हर्टर घेताना हिशेब करा. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॉट-तास; प्रत्यक्षात बाराशेच धरा. ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे चार दिवे त्यावर साधारण सहा तास चालतील. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला. पंप विजेवर असेल तर टाकी दुपारीच भरून ठेवा.

सरकलेली कौले आताच बसवून घ्या. तारांवर आलेल्या फांद्या मात्र स्वतः तोडू नका, हेस्कॉम या वीज कंपनीला कळवा. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि लगेच १९१२ वर फोन करा.